तीन दिवसांचे माहेर

परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांचा विषय निघाला की आमच्या इंदुरात एक वाक्य हमखास ऐकू येते. "त्यांचे काय, शनिवार-रविवारचे सण!" बोलणाराच्या स्वरात थोडी कीव असते, थोडा उपहास असतो, आणि आपण स्वतः तिथी-नक्षत्र सांभाळून आहोत याचे बारीकसे समाधानही असते. तिकडे मंगळवारी आलेली दिवाळी येत्या शनिवारी साजरी होते. सत्यनारायण रविवारी होतो. मुंज मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारला जोडून उरकतात. संक्रांतीचे हळदीकुंकू ज्या शनिवारी सभागृह मोकळे मिळेल त्या शनिवारी. हे सारे खरे आहे. परंतु खरी असलेली प्रत्येक गोष्ट हसण्याजोगी असतेच असे नाही, आणि ही तर मुळीच नाही असे आमचे मत झाले आहे.

२०२५ साली लेबर डेच्या सुट्टीत न्यू जर्सी येथे आमच्या पुतणीच्या घरी तीन दिवस राहण्याचा योग आला. शनिवार, रविवार आणि सोमवार. त्या तीन दिवसांत त्या घरात चार पिढ्यांची चौतीस माणसे जमली होती. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत. त्याच कुळातील इंदूरची माणसे मोजली तर ती याहून अधिक भरतात. पण ती सगळी एका छपराखाली शेवटची केव्हा राहिली, हे पुष्कळ आठवूनही आम्हांस सांगता येईना. लग्नाच्या मांडवात एकत्र आली असतील. पण मांडवातले येणे निराळे. तेथे माणूस आहेर देतो, जेवतो आणि घरी जातो. रात्री दिवाणखान्यात ओळीने अंथरुणे घालणे, सकाळी न्हाणीघरापुढे नंबर लावणे, कोण घोरतो आणि कोणाला चहा दोनदा लागतो हे सर्वांना माहीत होणे, याला एकत्र राहणे म्हणतात. ज्यांना वर्षातून असे तीनच दिवस मिळतात त्यांनी त्या तीन दिवसांचे जे केले आहे, त्याकडे कीव करून पाहण्याऐवजी शिकण्याच्या दृष्टीने पाहावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. त्यात काय उणे आहे तेही पुढे सांगू.

प्रथम त्या सुट्टीविषयी. लेबर डे म्हणजे श्रमिकांचा दिवस. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क शहरात कामगार संघटनांनी त्याची पहिली मिरवणूक काढली, आणि १८९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने सप्टेंबरचा पहिला सोमवार राष्ट्रीय सुट्टीचा ठरविला. शेजारच्या कॅनडानेही त्याच वर्षी तोच सोमवार मान्य केला. पुण्यात लोकमान्य टिळक गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देत होते तो काळही नेमका हाच, १८९३-९४ चा. त्याच्या थोडे अगोदर, १८९० साली, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. ज्या रविवारला 'साहेबाचा वार' म्हणून आपण नाक मुरडतो तो आपल्याच कष्टकऱ्यांनी झगडून मिळविलेला आहे, याचा आपणास विसर पडतो. इंदूरकरांना तर श्रमिक आणि गणपती यांचे नाते नव्याने शिकवावयास नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या रस्त्यांवरून ज्या झांक्या निघतात त्या मूळ गिरणी कामगारांच्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, इतरही एकामागून एक बंद झाल्या. भोंगे थांबले, झांक्या मात्र थांबल्या नाहीत.

अमेरिकेतील सुट्ट्या सोमवारला जोडून येतात, यामागेही एक विचार आहे. लेबर डे राष्ट्रीय सुट्टी झाला तेव्हापासूनच सोमवारचा. पण १९६८ मध्ये तेथील काँग्रेसने एक कायदा करून आणखी काही सुट्ट्या सोमवारवर आणल्या, आणि १९७१ पासून तो अमलात आला. सही करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी जी कारणे दिली त्यांत एक असे होते की, दूरदूर राहणाऱ्या कुटुंबांना एकमेकांच्या सहवासात अधिक वेळ घालविता यावा. ज्या देशाला आपण कुटुंब मोडणारा देश म्हणून ओळखतो, त्याने नातेवाइकांना भेटावयास वेळ मिळावा म्हणून पंचांगातले दिवस हलविले! व्यापाराचे आणि सहलीचे हिशेबही त्यात होतेच. पण हेही होते. वॉशिंग्टनसारख्या राष्ट्रपुरुषाच्या जन्मदिवसाची सुट्टी त्यांनी २२ फेब्रुवारीवरून उचलून त्या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी ठेवली. तिथीचा आग्रह सोडून भेटीचा आग्रह धरावयाचा, हा निर्णय तेथे संसदेत झाला. आपली माणसे त्या देशात राहून तेच करू लागली तर त्यांत आश्चर्य कसले?

आता जमलेल्या माणसांविषयी. अमेरिकेत आपल्या लोकांची वस्ती वाढली ती १९६५ च्या कायद्यानंतर. १९४६ पासून तोवर भारतासाठी वर्षाला अवघ्या शंभरांची मर्यादा होती. नव्या कायद्याने शिकलेल्या माणसांना दार उघडले, आणि जे नागरिक झाले त्यांना आपल्या जवळच्या नातलगांस बोलावण्याची सोयही ठेवली. जवळचे म्हणजे कोण? पती-पत्नी, मुले, आईबाप, भाऊ-बहिणी. भावंडांना बोलवावयाचे तर आपल्या देशातील अर्जदाराला दहाबारा वर्षांहून अधिक काळ ताटकळत बसावे लागते. पण निदान कायद्याच्या यादीत त्यांना जागा आहे. चुलत भाऊ, मामेबहीण, आत्या, मावशी, आजी यांना त्या यादीत स्थान नाही. कायद्याचे कुटुंब तेथे संपते. न्यू जर्सीच्या त्या घरात जमलेल्या चौतिसांपैकी निम्म्याहून अधिक माणसे एकमेकांची कायद्याने कोणीच लागत नव्हती. कोणी चुलत चुलत्याचा नातू, कोणी मावसबहिणीची जाऊ. शिक्षणाने, नोकरीने, लग्नाने जो तो आपल्या वाटेने त्या खंडात पोहोचला. त्यांना एका घरात आणणारे दुसरे काही नव्हते. होती ती एक सुट्टी, आणि यजमानीण बाईची चिकाटी.

बॉस्टनची मंडळी चार-पाच तास मोटार हाकून आली. टोरांटोची आठ-नऊ तास, वाटेत सरहद्दीवर पारपत्रे दाखवीत. कॅनडाचा आणि अमेरिकेचा सोमवार एकच, म्हणून त्यांना येता आले. लंडनचा भाचा येऊ शकला नाही, कारण तेथील उन्हाळ्याची सुट्टी ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे एक आठवडा अगोदरच, होऊन गेली होती. एका आठवड्याने नाते हुकते. इंदुरात आपणास हा हिशेब करावा लागत नाही. राजवाड्यापासून अन्नपूर्णेपर्यंत जावयास अर्धा तास पुरतो. आणि म्हणूनच की काय, आपण जात नाही.

त्या वर्षी सुट्टी आणि सण हे बरोबर एकमेकांवर आले होते, आणि त्यावरून घरात एक गोड वादही झाला. गौरींचा कुलाचार तिथीपेक्षा नक्षत्रावर चालतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. २०२५ मध्ये आपल्याकडील पंचांगांत आवाहन रविवारी ३१ ऑगस्टला, पूजन सोमवारी १ सप्टेंबरला आणि विसर्जन मंगळवारी होते. एक पक्ष म्हणे, इंदूरच्या घरी ज्या दिवशी गौरी बसतील त्याच दिवशी येथे बसल्या पाहिजेत. दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांनी गणित मांडले. चंद्र नक्षत्रात शिरतो तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच. पण त्या क्षणी इंदुरात रविवारची संध्याकाळ, साडेपाचचा सुमार, आणि न्यू जर्सीत रविवारचीच सकाळ, आठ वाजलेले. तेव्हा येथे रविवार हा जवळजवळ सबंध दिवस ज्येष्ठेचा. म्हणजे आवाहन शनिवारी, पूजन रविवारी आणि विसर्जन सोमवारी, सुट्टी संपता संपता. कोणाला एक तासही ओढून-ताणून बसवावा लागत नव्हता.

थोरल्या काकूंचे वय ऐंशीच्या पुढे. जन्म इंदूरचा, सासर ग्वाल्हेरचे, आणि गेली पंधरा वर्षे मुलाजवळ अमेरिकेत. त्यांच्याकडे निवाडा गेला. त्या एवढेच म्हणाल्या, "गौर या घरी यायची आहे ना? मग इथला सूर्य बघा." वाद मिटला. पंचांगकर्ते याहून वेगळे काय सांगतात? ज्या गावी पूजा, त्या गावचा सूर्योदय धरावा, हा त्यांचाही नियमच आहे. पुण्याचे पंचांग इंदुरात जसेच्या तसे चालत नाही, मिनिटांचा फरक करावाच लागतो. येथे मिनिटांच्या जागी साडेनऊ तास आले, इतकेच.

अर्थात नक्षत्रे दरसाल सुट्टी पाहून येत नाहीत. २०२४ साली आपल्याकडे गौरीपूजन ११ सप्टेंबरला, बुधवारी होते. लेबर डे होऊन नऊ दिवस उलटले होते. त्या वर्षी तुम्ही काय केलेत, असे आम्ही पुतणीला विचारले. ती म्हणाली, "आम्ही दोघांनी आमच्या दिवशी पूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि कामावर गेलो. मंडळी शनिवारी आली." या उत्तरात आम्हांस सगळा प्रश्न सुटलेला दिसतो. विधी आपल्या दिवशी, मग त्याला दोनच माणसे का असेनात. आणि मेळावा सुट्टीच्या दिवशी. विधीला माणसांची गर्दी लागत नाही, आणि माणसांना भेटावयास मुहूर्त लागत नाही. दोन्ही एकाच दिवशी आले तर भाग्य. न आले तर ज्याचे त्याला द्यावे. 'शनिवारचे सण' म्हणून हसणाऱ्यांनी ही पहिली अर्धी गोष्ट, ती बुधवारच्या सकाळची दोन माणसांची पूजा, पाहिलेलीच नसते.

आणखी एक विचार त्या घरी बसल्याबसल्या मनात आला, तो वाचकांपुढे ठेवतो. तीन दिवसांची भेट ही कल्पना आपण अमेरिकेपासून उसनी घेतलेली नाही. गौर स्वतःच तीन दिवसांची पाहुणी आहे. पहिल्या दिवशी येते, उंबरठ्यापासून कुंकवाच्या पावलांनी तिला घरभर फिरवितात, स्वयंपाकघर दाखवितात, कोठीघर दाखवितात, आणि प्रवासाने दमलेल्या लेकीला साधी भाजी-भाकरी वाढतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, हळदीकुंकू, रात्रीचे जागरण. तिसऱ्या दिवशी ओटी भरून पाठवणी. लेकीला सासरी काम आहे, तिला थांबता येत नाही, हे आपल्या आजीपणजींनी केव्हाच ओळखले होते. म्हणून त्यांनी तीन दिवसांचे माहेर रचले. त्यात येणे, तृप्त होणे आणि निघणे या तिन्ही गोष्टींना एकेक दिवस दिला. दूर दिलेल्या लेकीला वर्षभराचे माहेर देता येत नाही, पण तीन दिवसांचे देता येते, आणि ते नीट दिले तर वर्षभर पुरते, हा त्या कुलाचारातला व्यवहार आहे. शनिवार-रविवार-सोमवार यांत तो व्यवहार जसाच्या तसा बसला याचे नवल वाटावयास नको.

टोरांटोहून आलेली आमची एक चुलतबहीण साठीची आहे. तिचे इंदूरचे माहेर जुन्या वस्तीतला वाडा. वाटण्या झाल्या, वाडा विकला, तेथे आता पाच मजली इमारत आहे आणि तिच्या एकाही खोलीत तिचे कोणी नाही. भाऊ-भावजया आहेत, पण तीन ठिकाणी तीन बिऱ्हाडे, आणि प्रत्येकाकडे दोन खोल्या. ती इंदुरास आली की उपाहारगृहात जेवण होते, सगळे छायाचित्र काढतात आणि ती आपल्या उतरण्याच्या ठिकाणी परत जाते. न्यू जर्सीत पुतणीने तिची ओटी भरली तेव्हा ती म्हणाली, "माहेर आता इकडेच सरकलंय." पुतणी तिच्याहून तीस वर्षांनी लहान. माहेरपण धाकट्यांनी थोरल्यांना करावे, हा क्रम उलटा खरा. पण ज्या घरात ओटी भरली जाते ते माहेर, याहून दुसरी व्याख्या आम्हांस सुचत नाही.

तेथील तयारीविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण हौस आणि कष्ट यांचा जमाखर्च तेथे उघडा दिसतो. एडिसनजवळच्या ओक ट्री रोडवर आपल्याकडील बहुतेक जिन्नस मिळतात. अळूची पाने, सुरण, पडवळ, गवार, भोपळा हे सर्व मिळाले. सोळा भाज्यांची यादी पंधरावर अडली तेव्हा कोणीतरी पुढील अंगणातला चेरी टोमॅटो घालून ती पुरी केली. खड्याच्या गौरी मांडणारे एक बिऱ्हाड त्यांत होते, त्यांना तेरडा हवा होता. तिकडे घरापुढे 'इम्पेशन्स' नावाची जी रंगीत फुलझाडे लावतात ती तेरड्याच्याच जातकुळीतली. त्यांचीच चार रोपे उपटून आली. मुखवट्यांना नेसविलेल्या महेश्वरी साड्या मात्र आमच्या माळव्याच्या, पेटीत कापूर घालून वर्षभर जपलेल्या.

आणि स्वयंपाक? येथे जुन्या आठवणींना थोडा धक्का बसला. पुरण यंत्रातून फिरवीत होता तो एक हृदयरोगांचा डॉक्टर. कणीक तिंबीत होता एक संगणक अभियंता. भांड्यांचा ढीग उपसण्याची पाळी नातजावयांवर ठेवलेली होती. फळ्यावर कामांची यादी खडूने लिहून ठेवलेली, नाव पुढे. आमच्या लहानपणी गौरीच्या दिवशी माहेरवाशिणीचे कौतुक होई ते देवघरात. स्वयंपाकघरात सुना पहाटे चारपासून धुरात उभ्या असत, आणि त्यांची पंगत बसे चार वाजता, उरलेल्या अन्नावर. तेथे मोलकरीण नाही, महाराज नाही, आणि बायका सगळ्या नोकरी करणाऱ्या; तेव्हा पुरुषांनी हात लावल्यावाचून सण होतच नाही. गरजेने शिकविलेली असो, पण रीत चांगली आहे. ती इकडे येण्यास हरकत नाही.

मुलांचे काय? त्यांना मराठी येते, पण तोडकी. क्रियापदे इंग्रजी वळणाची, 'ळ' चुकलेला. यावरही आपण हसतो. ज्या इंदुरात आपण भाजी 'सुधारता-सुधारता' निम्मे वाक्य हिंदीत संपवितो, तेथील माणसाने शुद्धतेच्या गोष्टी फार सांगू नयेत! आम्हांस महत्त्वाची वाटली ती वेगळी गोष्ट. बाहेर त्या मुलांना प्रत्येक प्रौढ बाई 'आंटी' असते. त्या घरात तीन दिवस आत्या निराळी, काकू निराळी, मावशी निराळी, मामी निराळी. एका दहा वर्षांच्या मुलीने आम्हांस विचारले, "तुम्ही माझ्या आजीचे चुलत दीर, मग मी तुम्हाला काय म्हणायचं?" असा प्रश्न पडावयास माणूस समोर असावा लागतो. नात्याचा शब्द पाठ्यपुस्तकातून येत नाही. तो ताटावर बसताना, वाढताना, नमस्कार करताना लागतो म्हणून येतो. जी भाषा आठवड्याच्या वर्गात टिकत नाही तिचा एवढा भाग तीन दिवसांच्या गर्दीत टिकतो.

आता उणे काय ते. तीन दिवसांच्या कुटुंबात सगळे सोज्ज्वळ असतात. कोणी कोणाला टाकून बोलत नाही; सोमवारी तर निघायचे आहे. पण एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा पुरणपोळीच्या दिवशी होत नसते. ती दुखण्यात होते, नोकरी सुटली असता होते, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठवून न्यावे लागते तेव्हा होते. थोरल्या काकू तीन दिवस चौतीस माणसांच्या मध्यभागी होत्या. मंगळवारी सकाळी मुलगा आणि सून कामावर गेली की त्या पुन्हा खिडकीशी. बाहेर रस्त्यावर पायी जाणारे माणूस नाही. मोटार चालविता येत नाही. इंदुरात त्यांना भाजीवाला तरी हाक मारील. सुट्टीच्या कौतुकात हा मंगळवार लपता कामा नये. ज्यांनी एवढ्या कष्टाने तीन दिवस उभे केले त्यांनी त्या मंगळवाराचाही विचार करावा, असे आम्ही तेथेही बोललो. त्यावर काही ठरले. चौतीस माणसांतल्या सात जणांनी आठवड्याचे सात वार वाटून घेतले. ज्याचा वार त्याने काकूंना दुपारी फोन करावयाचा. हे किती दिवस चालेल ते पाहावयाचे. पण मेळाव्याचा उपयोग असाही होऊ शकतो.

दुसरे उणे म्हणजे दाखविण्याचा सोस. जमल्याचा आनंद थोडा आणि जमल्याची छायाचित्रे इंदूर-पुण्यास पाठविण्याची घाई मोठी, असे मधूनमधून होई. तेथील सकाळची नऊची आरती आणि आपली संध्याकाळची साडेसहाची आरती एकाच वेळी, म्हणून दोन्हीकडचे पडदे लावून एकत्र आरती झाली. ती चांगली वाटली. पण इकडच्या पडद्यावर तीन बिऱ्हाडे तीन चौकटींत दिसत होती. एकाच शहरातली. तिकडची चौतीस माणसे एका चौकटीत मावत नव्हती आणि इकडची मंडळी तीन मैलांच्या आत असून निरनिराळ्या चौकटींत बसली होती! कीव कोणी कोणाची करावयाची?

हा प्रश्न इंदूरच्या मराठी माणसाला विशेष लागू आहे, कारण आपणही एके काळचे दूरदेशीचेच. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेली आपली कुळे. शिपाईगिरी, कारकुनी, भिक्षुकी करीत येथे रुजली. दक्षिणेतली माणसे दक्षिणेत राहिली. येथल्या पिढ्यांनी सोयरिकी केल्या ग्वाल्हेरशी, देवासशी, धारशी, बडोद्याशी, आणि ती नाती राखली ती मोठ्या सायासाने. पूर्वी आपल्याकडील लेक दक्षिणेत माहेरी वा सासरी जाई ती छोट्या रुळांच्या गाडीने पाताळपाणी-कालाकुंडचा घाट उतरून, खांडव्यास गाडी बदलून, ट्रंक आणि मुले सांभाळीत. शाळेच्या सुट्टीशिवाय ते जमत नसे. म्हणजे त्यांचाही कुलधर्म सुट्टी पाहूनच चालत होता. त्या आजीला कोणी 'मे महिन्याचे माहेर' म्हणून हसले नाही.

आणि आज आपणांपैकी पुष्कळांची मुले त्या पलीकडच्या देशांत आहेत. वर्षाकाठी कोणी ना कोणी वडीलधारे तिकडे जातात. त्यांना एक सांगणे आहे. अशा सुट्टीत तिकडे असाल तर परीक्षक होऊन बसू नका. मोदकाच्या कळ्या मोजू नका, सोवळ्याची चौकशी करू नका. नावे सांगा. कोणत्या आजोबांना कोणत्या कामासाठी महूस जावे लागे, कोणती आत्या कशी हसे, वाड्यात विहीर कोठे होती, हे त्या मुलांना दुसरे कोणी सांगणार नाही. वस्तू त्यांना ओक ट्री रोडवर मिळतात. आठवणी तेथे मिळत नाहीत. त्या तुम्हीच न्यावयाच्या.

आणि जे इंदुरातच आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. गणपतीचे दिवस दहा. दहा दिवसांत एक शनिवार-रविवार येतोच येतो. त्याला कोणतेही पंचांग अडवू शकत नाही. आपापल्या कुळाने तेवढे दोन दिवस धरून ठेवावेत. दोन खोल्यांचे घर असले तर गच्ची आहे, धर्मशाळा आहे, एखाद्याचे शेत आहे. अंथरुणे ज्याची त्याने आणावी. स्वयंपाक पुरुषांनी करावा, निदान भांडी तरी घासावीत. एक रात्र एकत्र निजावे. ज्यांचे जमिनीवरून बोलणे बंद आहे त्यांनाही बोलवावे. रात्रभर बोलले नाहीत तरी सकाळी चहाला रांगेत उभे राहतील. अमेरिकेतल्या लेकीला हे करण्यासाठी सरहद्द ओलांडावी लागते, रजा मोजावी लागते, आठ-आठ तास मोटार हाकावी लागते. आपल्याला फक्त छत्रीबाग ते सुदामानगर एवढे जावयाचे आहे. पुढच्या भाद्रपदास अजून अवकाश आहे. कोणत्या घरी जमावयाचे, हे आतापासून ठरवावयास हरकत नाही.